कुलुप्याचा रिकामा चौकोन

आमच्याकडे राक्षसाला बालपण मिळालं, की त्याचे दिवस भरले असं समजावं. हा माझ्या भाच्याचा नियम. तो चित्रकथा काढतो, ज्यांना हल्लीची मुलं मांगा म्हणतात. सगळा काळोखाचा कारभार. डोळ्यांवर केस आलेला एक पोरगा स्वतःपेक्षा लांब तलवार घेऊन एकेका राक्षसाला गाठतो. पण मारायच्या आदल्या महिन्यात त्या राक्षसाची कर्मकहाणी सांगायची, तो लहानपणी कसा गोड होता आणि कोणत्या दुःखाने असा झाला ते. वाचक पोटभर रडले, की पुढच्या महिन्यात तलवार.

मी त्याची आत्या. वय एकसष्ट. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे हात अजून कापत नाही. जीभ तर आयुष्यात कधी थांबलीच नाही. भाचा शाईने चित्र काढतो आणि जिथे ठार काळं भरायचं तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारतो. फुली दिसली की मी कुंचला घेते. पलीकडच्या टेबलावर आमची रेघवाली बसते, ती पट्टी लावून किल्ले आणि जिने काढते आणि माझ्या विनोदांना हसते. तिला म्हणूनच ठेवलंय, असं मी म्हणते.

राक्षस भाचा हवेतून काढत नाही, आसपासच्या माणसांवरून काढतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला कळलं की सहा हातांची कोळीण म्हणजे आपणच, तेव्हा ती तणतणत वर आली. मला वाटलं, आता आमची धडगत नाही. तिने बोट नाचवून विचारलं, "हात सहा असू देत, पण मान इतकी जाड कशाला?" दुसऱ्या महिन्यापासून मान बारीक झाली. पुढे कोळिणीला बालपण मिळालं तेव्हा ही बाई दुकान बंद करून अर्धा दिवस रडली, आणि उरलेला अर्धा दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला तो अंक दाखवत बसली.

प्रत्येक पात्राचा एक तक्ता भिंतीवर असतो. समोरून, बाजूने, पाठीमागून, आणि खाली दोन चौकोन: एकात राग, दुसऱ्यात हसू. राक्षससुद्धा हसतात, त्यांचं हसू तर जास्तच जपून काढावं लागतं. राक्षस मेला की भाचा तक्ता उतरवतो, त्याचे चार तुकडे करतो आणि टोपलीत टाकतो. फाडलेला राक्षस पुन्हा काढायचा नाही, त्याचं नावही घ्यायचं नाही.

तीन वर्षं त्या भिंतीवर मधोमध होता कुलुप्या. तिजोरीसारखं अंग, छातीत खटखटणाऱ्या पट्ट्या, आणि गळ्यात कुठल्याच कुलपाला न लागणारी एक चावी. जो जास्त बोलेल त्याच्या तोंडाला तो कुलूप ठोकायचा. वाचक त्याला शिव्या घालायचे आणि त्याच्यासाठीच अंक घ्यायचे. त्याच्या तक्त्यावरचा हसण्याचा चौकोन मात्र कोरा होता. मी एकदा विचारलं तर भाचा म्हणाला, "त्याला हसताना मी कधी पाहिलंच नाही, आत्या. काढू कुठून?"

कारण कुलुप्या म्हणजे त्याचा बाप. माझा थोरला भाऊ.

दादा कुलपं करतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, दीड माणूस मावेल एवढं. दुकानाचं दार लावलं की तो तीनदा ओढून बघतो. चार पावलं जातो, परत येतो, चौथ्यांदा ओढतो. बोलतो इतकं कमी की टेलिफोनलाही त्याचा कंटाळा येतो. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक जुनी चावी असते. कशाची, विचारलं तर म्हणतो, "कशाची नाही." भाच्याची आई तो लहान असतानाच गेली, मग बाप आणि लेक या दोन घुम्यांच्या मध्ये मी एकटी बोलत राहिले.

सहा वर्षांपूर्वी भाचा म्हणाला, मी दुकानात बसणार नाही, मी चित्रं काढणार. दादा म्हणाला, "गेलास तर दार बंद." भाचा गेला. दार बंद झालं. दोघेही शब्दाचे पक्के, म्हणजे खाण तशी माती. तेव्हापासून एकमेकांशी अक्षर नाही. मी सकाळी इकडे कुंचला चालवते, संध्याकाळी तिकडे दादाला भाजी देऊन येते, आणि दोन्हीकडे विषय काढला की दोन्हीकडून तेच, "राहू दे."

या वर्षी संपादकबाईंचा फोन आला. कुलुप्याला आता आटपा, वाचक थकले. भाचा तीन दिवस कोऱ्या कागदाकडे बघत बसला. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "आत्या, बाबा असे का आहेत? लहानपणी काही झालं होतं?"

झालं होतं. मी सांगितलं. मी सहा वर्षांची, दादा नऊचा. आई-वडील दोघे कामावर. वडिलांनी दादाला बजावलं होतं, दाराला आतून कुलूप घालायचं आणि चावी खिशात ठेवायची, कारण ही कारटी पळते. एका दुपारी दादाला झोप लागली. जागा झाला तर दार सताड उघडं आणि मी गायब. दोन दिवस मी सापडले नाही. दादा उंबऱ्यावर बसून होता, खाल्लं नाही, प्यायला नाही. मी सापडल्यावर वडिलांना म्हणाला, "चावी कुलपातच विसरलो." मग मार खाल्ला. तेव्हापासून तो दार तीनदा ओढतो.

भाचा ऐकत होता. मग म्हणाला, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं कधी?" मी म्हटलं आणि चष्मा पुसत बसले.

आठ दिवसांत पानं झाली. तीन वर्षांत त्याने असं काही काढलं नव्हतं. अर्थात चित्रकथेत बहीण परत येत नाही. उंबऱ्यावर बसलेला मुलगा वाट बघत बघत लोखंडाचा होत जातो. आधी बोटं, मग गुडघे, मग तोंड. रेघवालीने उंबरा असा काढला होता की त्यावर बसावंसं वाटावं. तीच दोनदा नाक शिंकरून आली.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. माणसाच्या डोळ्यात आम्ही पांढरा ठिपका सोडतो, उजेडाचा. राक्षसाच्या डोळ्यात ठिपका नसतो. म्हणून कर्मकहाणीत एक पान असं येतं, जिथून पुढे ठिपका काळा करायचा. तिथे माणूस संपला. हे काम माझं. कोळिणीचे डोळे मी विझवले, त्याआधी सात जणांचे विझवले, कधी हात अडला नाही. कुलुप्याच्या पानांवरही भाच्याने प्रत्येक डोळ्यात इवलीशी फुली मारली होती. मी आकाश भरलं, सावल्या भरल्या, छातीतली पोकळी भरली. पानं नेहमीसारखी मीच बांधून छापायला पाठवली. अंक छापून आला.

अंक आला त्या सकाळी रेघवालीने तो उघडला आणि ती म्हणाली, "अय्या!"

अकरा पानं. अकरा पानांवर कुलुप्याचे डोळे जिवंत. लोखंडाचं थोबाड, दातांच्या जागी पट्ट्या, आणि त्यात दोन ओले, माणसाचे, उंबऱ्यावरच्या मुलाचे डोळे.

चार दिवसांत पत्रांचा ढीग आला. एका मुलीने लिहिलं होतं, "तो अजून आत आहे. त्याला मारलंत तर मी मासिक जाळीन." एका आजोबांनी लिहिलं होतं की नियम म्हणजे नियम, ठिपका आहे तर तो माणूस आहे, आणि आमचा नायक माणसं मारत नाही. संपादकबाई फोनवर आधी ओरडल्या, मग पत्रं मोजून गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "शनिवारपर्यंत ठरवा."

भाचा ओरडत नाही, हा बापाचा गुण. त्याने अंक माझ्यासमोर ठेवला. "चष्मा बदलायला झालाय का, आत्या?"

"झाला असेल."

"अकरा पानं? आकाशातली एक फुली तू सोडली नाहीस."

"वय झालं रे."

"पुढच्या महिन्यात तो मरतोय," भाचा म्हणाला. "छपाईची चूक होती म्हणून सांगू. मी तक्ता फाडणार आणि हा विषय संपणार. तिकडचाही. मला आता त्या दाराकडे बघायचं नाही. तूही यापुढे मला तिकडचं काही सांगायचं नाही."

मी त्याला ओळखते. तो बोलला म्हणजे झालं. तक्त्याचे तुकडे टोपलीत पडले की माझा भाऊही त्याच टोपलीत जाणार होता, कायमचा. आणि त्या टोपलीत खरं तर मी जायला हवी होते. खाई त्याला खवखवे.

"चावी तो विसरला नव्हता," मी म्हटलं. "मी चोरली."

रेघवालीची पट्टी खाली पडली.

पंचावन्न वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते मी त्या दोघांसमोर भडाभडा ओकले. दादाने कुलूप नीट लावलं होतं. चावी खिशात होती. तो झोपला तेव्हा मीच ती काढली, स्टुलावर चढले, कुलूप उघडलं आणि निघाले, कारण कुठूनतरी लांबून पावाचा वास येत होता. चावी वाटेत कुठेतरी पडली असावी, मला ती पुन्हा दिसली नाही. मला झोपेतच घरी आणलं, आणि जागी झाले तोवर दादाचा मार खाऊन झाला होता, तो स्वतःच म्हणाला होता की मी विसरलो. मी सहा वर्षांची, मार कुणाला हवाय? गप्प बसले. मग पुढे बोलायची वेळच टळून गेली. त्याला दार ओढताना बघितलं की दर वेळी वाटायचं आज सांगू, आणि दर वेळी भाजी ठेवून परत यायचे. "त्या मुलाचं काही चुकलंच नव्हतं," मी म्हटलं. "मग डोळे विझवू कशी? हातच जाईना."

भाच्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस? त्यांना सांग. तोवर मी पान काढत नाही."

दुकान तिथून दहा मिनिटांवर. मला पाऊण तास लागला. वाटेत मी तीन दुकानांच्या पाट्यांमध्ये चुका काढल्या, एका कुत्र्याशी बोलले, आणि मग पायांना दुसरीकडे जायला जागाच उरली नाही.

दादा कानशीने चावी घासत होता. डोळ्याला भिंग. मी दारातच उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, रडू आलं तेही त्यातच उरकलं. कानस थांबली नाही. माझं संपल्यावर त्याने चावी उजेडात धरली, फुंकर मारली, आणि म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

त्याने गळ्यातला काळा दोरा काढून टेबलावर ठेवला. "तुला उचलून आणलं तेव्हा तू झोपलेली होतीस, ठमे. फ्रॉक मी बदलला. खिशात ही होती."

त्याने मला पन्नास वर्षांनी ठमी म्हटलं होतं. मी स्टुलावर बसले. स्टूल नसतं तर जमिनीवर बसले असते.

"मग विसरलो म्हणालास का?"

"तू आधीच दोन दिवस हरवली होतीस. वर मार कशाला?"

"आणि दार तीनदा ओढतोस ते?"

दादाने भिंग पुसलं. इतकं लांब वाक्य तो कधी बोलला असेल असं मला आठवत नाही. "कुलूप बरोबर लावलं होतं गं. तरी तू गेलीस. विसरलो असतो तर बरं होतं, पुढच्या वेळी लक्षात ठेवलं असतं. पण सगळं बरोबर करूनही माणूस जातो, त्याला काय करायचं? मग हाही गेला. मला वाटलं, माझ्या कुलपातच खोट आहे."

मी नाक पुसलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून अंक पुढे केला. "हे बघ, तुझ्या लेकाने—"

"बघितलाय."

त्याने मागचं कपाट उघडलं. त्याला दोन कुलपं होती. आत मासिकाचे अंक, पहिल्यापासूनचे सगळे, पाठीला पाठ लावून. मी एक उघडला तर पानापानावर लाल पेन्सिलीच्या खुणा. कुलुप्याच्या चित्राशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: "पट्टी उलटी", "हा दात कापता येणार नाही", "स्प्रिंग कुठे?" आणि उंबऱ्याच्या पानावर काहीच नाही, फक्त एक बोटाचा काळा ठसा.

"तीन वर्षं आम्ही राक्षस म्हणून तुला रंगवतोय आणि तू स्प्रिंग शोधतोस?"

"राक्षस ठीक आहे," दादा म्हणाला. "पण छातीत चार पट्ट्या दाखवतो. चार पट्ट्यांचं कुलूप पोरंसुद्धा उघडतील. पाच हव्यात. लोक काय म्हणतील?"

मला हसू फुटलं. "मग हे त्याला जाऊन सांग."

दादाने चावी गळ्यात घातली, टोपी घातली, दुकानाला कुलूप लावलं. तीनदा ओढलं. चार पावलं गेला, मी म्हटलं, "लागलंय रे," आणि तो वळला नाही.

आमच्या जिन्याला सव्वीस पायऱ्या. बाविसाव्या पायरीवर तो थांबला, मला वाटलं आता परत फिरतो. पण तो गुडघ्यासाठी थांबला होता.

भाचा खिडकीपाशी उभा होता, पाठ आमच्याकडे. तक्ता त्याने भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला होता. रेघवाली पाणी आणायच्या निमित्ताने पळाली आणि दाराआड उभी राहिली. तिची सावली दिसत होती. दादाने तक्ता बघितला. आपलं समोरून, बाजूने, पाठीमागून झालेलं रूप नीट बघितलं. कोऱ्या चौकोनावर जरा जास्तच वेळ थांबला. मग अंक उघडला आणि बोट ठेवलं.

"पट्ट्या पाच असतात."

सहा वर्षांनी बापाने लेकाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला कपाळावर हात मारावासा वाटला.

भाचा वळला. बापाकडे, मग अंकाकडे, मग पुन्हा बापाकडे. "पाचवी कुठे बसते?" त्याने विचारलं.

"कागद आहे?"

"बसा."

दादा बसला. पेन्सिल धरली आणि कुलपाचं पोट काढलं, एका रेघेत, न खोडता. मी भाच्याच्या लहानपणापासून विचार करत होते की ह्या पोराचा हात कुणावर गेला. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं, एवढी साधी गोष्ट. भाचा वाकून बघत होता. "आणि ही स्प्रिंग? उलटी फिरली तर?" "तर अडकतं." "मग आतला माणूस बाहेर कसा येणार?" दादाने विचार केला. "बाहेरून कुणीतरी पाचवी पट्टी उचलायला हवी," तो म्हणाला. "आतून नाही जमत." भाच्याने ते लिहून घेतलं. तेच वाक्य त्याने खाली पुन्हा एकदा लिहिलं, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

तासाभराने दादा उठला. कुणी कुणाची माफी मागितली नाही, मिठ्या मारल्या नाहीत. आमच्यात ती पद्धत नाही. भाचा एवढंच म्हणाला, "उद्या येता का? दातांचं राहिलंय." दादा म्हणाला, "बघतो," म्हणजे तो आठला दारात असणार. तक्ता अजून टेबलावरच होता, अख्खा.

मी त्याला पोहोचवायला जिन्यापर्यंत गेले. दोन पायऱ्या उतरून दादा थांबला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "ठमे, एक विचारायचं राहिलंय."

"विचार."

"त्या दोन दिवसांत... तू फार रडलीस का?"

हे तो पंचावन्न वर्षं गळ्यात बांधून फिरत होता. चावीचं निमित्त.

"अरे दादा, रडते कसली!" मी म्हटलं. "पाववाल्याच्या घरी चार पोरी होत्या. त्यांनी मला पिठाच्या पोत्यावर बसवलं, राणी केलं. पाववालीण माझ्या घराची चौकशी करायची आणि मी मुद्दाम पत्ता चुकीचा सांगायचे, म्हणजे संध्याकाळचाही पाव मिळेल. गरम पाव, वर मध. पहिल्या दिवशी सात खाल्ले. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं म्हणून खरा पत्ता सांगितला!"

दादा माझ्याकडे बघत राहिला. "मी उंबऱ्यावर," तो म्हणाला, "दोन दिवस उपाशी. आणि ही बया... नऊ?"

"नऊ. मोठे होते."

आधी त्याचे खांदे हलले. मग कठड्याला धरून तो वाकला. मग जो आवाज आला तो मी नऊ वर्षांच्या मुलाकडून शेवटचा ऐकला होता, घोगरा, फुटका, हॅऽ हॅऽ हॅऽ करणारा, आणि सगळा जिना त्याने भरून गेला. शिंपीण खालून डोकावली. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दातांतली फट दिसत होती, टोपी दोन पायऱ्या खाली जाऊन पडली होती.

वरून धाडधाड पावलं आली. भाचा, अनवाणी, एका हातात कुलुप्याचा तक्ता आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. तो पायरीवरच बसला, तक्ता गुडघ्यावर टेकवला, कोरा चौकोन वर आणला.

"बाबा, तसेच थांबा!" तो ओरडला. "हसत राहा, हलू नका!"

आणि माझा भाऊ, हसता हसता, हलला नाही.